सरळ झालेली डिकी

आमचे हे डेंटर. तीस वर्षं लोकांच्या गाड्यांचे पोचे काढतायत. हात असा, की पोचा कुठे होता ते मालकालाही सापडत नाही. त्याच हातानं आमचा घात केला.

आम्ही सिग्नलला उभे होतो. नुसते उभे! मागून ट्रक आला आणि डिकी चेपून मागच्या सीटला टेकली. त्या सीटवर आमची लेक. तिचा मणका सरकला. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात ऑपरेशन झालं तर पोर पायांवर उभी राहील, उशीर झाला तर खात्री नाही. आकडा ऐकून मला घेरीच आली. पण चूक ट्रकवाल्याची, त्यानं ती कबूलही केली होती, म्हणून आम्ही पोलिसांत पंचनामाही केला नाही. त्याची विमा कंपनी भरणार होती. फक्त त्यांचा माणूस एकदा गाडी बघून जायचा होता.

मी दवाखान्यात लेकीपाशी, हे घरी एकटे. नवव्या दिवशी तो माणूस येणार म्हणून मी घरी आले, तर दारात गाडी नवी कोरी! विम्याचा माणूस आला, दोनदा फिरला तिच्याभोवती.

"ताई, हिला तर काहीच झालेलं नाही."

"अहो, हे काय करून ठेवलंत?" मी किंचाळलेच. "फोटो तरी काढलात का?"

"फोटो कसले काढायचे त्याचे," हे म्हणाले. "याच गाडीतून तिला घरी आणायचं ना? तो चेंदामेंदा बघून पोर घाबरली असती. आणि मला दुसरं येतंय काय?"

त्या माणसानं डिकीवरून बोट फिरवलं. "काम मात्र झकास केलंय हो," म्हणाला. मनापासून म्हणाला मेला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. गाडीचं नुकसान दिसत नाही, सबब मणक्याचं दुखणं आधीचंच असावं. आधीचं म्हणे! पोरगी दोन-दोन पायऱ्या गाळून जिना चढायची! वकील म्हणाला, दाद मागू, दोनेक वर्षं लागतील.

महिना संपायला चार दिवस होते. लेकीला घरी आणून खाटेवर निजवलेलं. दवाखान्यातून फोन आला, ऑपरेशनची तारीख धरून ठेवू का? हे समोरच बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी नको म्हटलं.

"कुणाचा गं फोन, आई?" आतून लेकीनं विचारलं.

"राँग नंबर," मी म्हणाले.