‘सुरक्षित नाही’ असे आल्यास घाबरू नये

मी एक वेबसाइट आहे. चौल, नागाव, रेवदंडा या पट्ट्यातल्या बागायतदारांच्या एका ज्ञाती मंडळाची, वधू-वर नोंदणीची. माझ्या रूपाचं कुणी कौतुक करत नाही. वर गणपती, खाली सरकणारी झेंडूची माळ आणि मधोमध लांबलचक फॉर्म. नवी पोरं मला उघडून हसतात. हसू देत. हसून झालं की फॉर्म भरतात, आणि पुढच्या वर्षी जोडीने काढलेला फोटो पाठवतात.

कुणी मला उघडून ठेवलं की समोर चाललेलं बोलणं मला ऐकू येतं. म्हणूनच हे सांगू शकते. एरवी मला विचारतो कोण?

मला पियूषने बनवलं, अकरा वर्षांपूर्वी. तो तेव्हा कॉलेजात होता. मंडळाचे अध्यक्ष हरीभाऊ हे त्याचे चुलतकाका, निवृत्त हेडमास्तर. फॉर्ममध्ये कोणकोणते रकाने हवेत, हे त्यांनी आखीव कागदावर लिहून दिलं. शाळेच्या दाखल-खारज रजिस्टरवरून उतरवलेलं होतं ते. म्हणून नाव, गोत्र, जन्मवेळ, पगार यांच्याबरोबर माझ्यात ‘शरीरावरील ओळखखूण’ असाही रकाना आला.

“काका, लग्नाच्या फॉर्मात हे कशाला?” पियूष म्हणाला.

“रकाना असलेला बरा. कधी लागेल सांगता येत नाही.”

शेवटचा रकाना होता ‘अध्यक्षांचा शेरा’. तो फक्त हरीभाऊंना दिसायचा. त्यात त्यांनी काय काय लिहून ठेवलंय ते मला पाठ आहे. पण तिथे नंतर येते.

मला कुलूप नव्हतं. म्हणजे काय, तर तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेलं माझ्यापर्यंत यायचं ते उघड्यावरून. बाजारातून उघड्या पाटीत मासळी नेली की वाटेवरच्या प्रत्येक ओटीला कळतं, आज कुणाकडे काय शिजणार. तसंच. कुलूप असलं की मजकूर निघतानाच गुंडाळला जातो आणि पोचल्यावरच उलगडतो, मधे कुणी डोकावलं तरी त्याला काही कळत नाही. मी जन्मले तेव्हा माझ्यासारख्या कितीतरी जणी उघड्याच होत्या. पुढे कुलपं फुकट मिळू लागली. ज्या कंपनीच्या यंत्रावर माझा मुक्काम आहे तिने पियूषला मेलवर मेल पाठवले, की एक बटण दाबा, कुलूप बसेल. पियूषने ते मेल वाचले आणि उडवून लावले.

कारण स्मरणिका. मंडळाला पन्नास वर्षं झाली तेव्हा ती निघाली. तिच्यात आभार मांडववाल्याचे होते, आचाऱ्याचे होते, स्पीकरवाल्याचे होते, पार्किंगला मोकळी जागा देणाऱ्याचेही होते. पियूषचं नाव नव्हतं. हरीभाऊ म्हणाले, छापखान्याची चूक. पियूष म्हणाला, मुद्रितं कोणी तपासली? दोघांचं बोलणं त्या दिवशी थांबलं. माझा मुख्य पासवर्ड पियूषकडे राहिला. त्याने तो दिला नाही, ह्यांनी मागितला नाही. मी मधल्यामधे लटकले.

मग ब्राउझर माझ्या पत्त्याशेजारी ‘सुरक्षित नाही’ असं लिहू लागला. लोक विचारू लागले. हरीभाऊंनी उपाय काढला. मेळाव्यात वाटायच्या सूचनापत्रकात पाचवी सूचना घातली: ‘सुरक्षित नाही असे आल्यास घाबरू नये, पुढे जावे.’ शुद्धलेखन बिनचूक होतं.

वर्षातून एकदा, जानेवारीत, अलिबागच्या हॉलमध्ये मेळावा भरतो. सगळे तिथेच मोबाइलवर फॉर्म भरतात. दारात फ्लेक्स लागतो, ‘मोफत वायफाय, पासवर्ड नाही’. पाहुण्याला पासवर्ड मागायला लावणं हरीभाऊंच्या पाहुणचारात बसत नाही. अशा नेटवर शेजारच्या खुर्चीत बसलेला कुणीही, थोडी विद्या असली तर, माझ्याकडे निघालेला मजकूर वाचू शकतो. मला ओरडता येत नाही. फक्त ते दोन शब्द दाखवता येतात, आणि त्यांना घाबरू नये असं छापून ठेवलेलं.

गेल्या वर्षीच्या मेळाव्यात अनुयाने असाच फॉर्म भरला. उरणची मुलगी, न्हावा शेव्याला मालवाहतुकीच्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायची. ओळखखुणेच्या रकान्यापाशी तिचं बोट थांबलं. रकाना रिकामा ठेवला की मी फॉर्म पुढे सरकवत नाही, ही माझी सवय. तिने लिहिलं, ‘डाव्या खांद्यावर मागे तीळ’.

मार्गशीर्षात तिचं लग्न झालं, हरीभाऊंच्याच मुलाशी, यशोधनशी. माझ्या ‘जुळलेली स्थळं’ या पानावर दोघांचा फोटो लागला. पानाच्या तळाशी अध्यक्षांचा मोबाइल नंबर आहेच.

त्या नंबरावर या संक्रांतीच्या आठ दिवस आधी, सोमवारी, फोन आला. हरीभाऊ तेव्हा ओटीवर मला उघडून नव्या नोंदी तपासत होते. पलीकडच्या माणसाने नाव सांगितलं नाही. तुमच्या सुनेला मी फार जवळून ओळखतो, म्हणाला. तिची जन्मवेळ सांगितली, जुना पगार सांगितला, आणि शेवटी खांद्यावरचा तीळ.

“सूनबाई!” हरीभाऊंनी हाक मारली. एरवी ते तिला नावाने बोलवत.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, “बाबा, हे सगळं मी फॉर्ममध्ये लिहिलंय.”

“ते रकाने बाहेर कुणाला दिसत नाहीत. फक्त मी उघडतो. मग काय, मी सांगितलं त्याला?”

“तसं नाही म्हणत मी.”

“दुसरं काय म्हणतेस? तीळ काय त्याला स्वप्नात दिसला?”

हरीभाऊंची थोरली बहीण, गोदूआत्या, समोर बसून अनुयाच्या पहिल्या संक्रांतीसाठी हलव्याचे दागिने करत होती. दोऱ्यात हलवा ओवता ओवता म्हणाली, “मी म्हटलंच होतं, मुलगी फार गप्प. गप्प बसणाऱ्यांच्या पोटात काय असतं ते देवालाच ठाऊक. मान वर कर गं, हाराचं माप घेऊ दे.”

यशोधन घरात होता. त्याच्याबद्दल एवढंच सांगता येईल.

“शनिवारी उरणहून तुझ्या अण्णांना बोलावून घेतो,” हरीभाऊ म्हणाले. “त्यांच्यासमोर काय ते होऊ दे. आणि रविवारी मेळाव्याला तू यायचं नाहीस. आत्ताच सांगून ठेवतो.”

पुढचे दोन दिवस त्या घरात तिला चहा विचारला गेला नाही, मागितला मात्र गेला. ती स्वयंपाकघरात मोबाइलवर मला उघडायची आणि माझ्या पत्त्याशेजारचे ते दोन शब्द बघत राहायची. मला वाटलं, बाई, आता तरी कुणीतरी वाचलं.

गुरुवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन ओटीवर आली.

“बाबा, तुमचा पासवर्ड मला ठाऊक आहे का?”

“तुला कशाला असेल?”

“मग एक करा. तुमचा मोबाइल माझ्या लॅपटॉपच्या नेटवर जोडा. त्याला पासवर्ड ठेवलेला नाही, हॉलमधल्यासारखाच. तुम्ही इथे बसून वेबसाइट उघडा. मी आतल्या खोलीत बसते. तुम्ही काय लिहिलं, काय वाचलं, ते मी आतून सांगते. नाही सांगता आलं तर शनिवारपर्यंत कशाला थांबता, आजच उरणला जाते.”

एवढी वाक्यं ती त्या घरात पहिल्यांदाच सलग बोलली. हरीभाऊंनी चष्मा पुसला. “हे काय जादूचे प्रयोग?” म्हणाले, पण मोबाइल जोडला.

मी उघडले. आतून तिचा आवाज आला, शांत, प्रार्थना म्हटल्यासारखा.

“नाव, अध्यक्ष. पासवर्ड, सुपारी, पुढे एक दोन तीन चार.”

गोदूआत्याच्या हातून हलव्याची वाटी कलंडली. “अरे हरी, हा पासवर्ड? वाडीतल्या गड्यानेसुद्धा ओळखला असता!”

हरीभाऊ लाल झाले. “पासवर्ड कुणीही ओळखेल. थांब.” आणि त्यांनी भरभर अनुयाचाच फॉर्म उघडला. तीळ खरोखर लिहिलाय की नाही, हेही त्यांना बघायचं असावं.

मी तो पाठवला. उघड्यावरून, नेहमीसारखा. त्यांच्या हातात पोचायच्या आधी तो तिच्या पडद्यावरून गेला.

“माझा फॉर्म उघडलात. जन्मवेळ पहाटे चार बारा. ओळखखूण, डाव्या खांद्यावर मागे तीळ.” मग ती थांबली. मला ठाऊक होतं ती का थांबली. “अध्यक्षांचा शेरा. मुलगी अबोल. माहेरचं पाठबळ बेताचं. उलट बोलणार नाही, दबून राहील. यशोधनसाठी ठीक.”

वाडीत पंप चालू होता.

यशोधनने मान वर केली. वडिलांकडे बघितलं, आतल्या दाराकडे बघितलं, आणि पंप बंद करायला निघून गेला.

गोदूआत्याने सांडलेला हलवा गोळा करायचा सोडून दिला. तिची मुलगी दिपाली गेल्या वर्षीपासून माझ्याकडे नोंदलेली आहे. रविवारी नव्याने फॉर्म भरणार होती.

“हरी,” ती म्हणाली, “माझ्या दिपूच्या फॉर्मवर काय लिहिलंयस?”

“ताई, ते मंडळाच्या कामाचं...”

“आत्या, वाचू?” आतून आवाज आला.

“बंद कर ते!” हरीभाऊ ओरडले.

“मग त्याला कुलूप लाव,” गोदूआत्या म्हणाली. “नाही तर रविवारी माझी मुलगी तुझ्या त्या फुकटच्या वायफायवर एक अक्षर लिहिणार नाही. आणि का लिहिणार नाही ते मी हॉलमध्ये माइकवरून सांगेन.”

कुलूप लावायला पियूषच लागणार होता. हरीभाऊंनी फोन लावला. अनुया दारात येऊन उभी राहिली, म्हणून त्यांना आत जाऊन बोलता येईना.

“हरीकाका बोलतोय.”

“कोण हरीकाका?” पियूषचा आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू आला. “स्मरणिकेत नाव आहे का तुमचं?”

“आहे. पहिल्या पानावर.”

“मग बरोबर. माझं नाही. चुकीचा नंबर लागलाय.”

“पियूष, वेबसाइटला कुलूप हवंय.”

“इतकी वर्षं नको होतं?”

शाळेत असताना ‘चुकलं’ हे वाक्य हरीभाऊंनी हजारो मुलांकडून वदवून घेतलं होतं. त्यांच्या स्वतःच्या तोंडून ते असं निघालं: “राहिलं ते नाव. राहायला नको होतं.”

“रविवारी स्टेजवरून म्हणाल?”

“म्हणेन.”

“आणि पियूषभावजी,” अनुया दारातूनच म्हणाली, “जुन्या पत्त्यावरून येणाऱ्यांनाही कुलूपवाल्या पत्त्यावर वळवा. तो ओळखखुणेचा रकाना काढून टाका. आधीच्यांनी भरलेलंही पुसा.”

“कोण बोलतंय?”

“अबोल मुलगी,” ती म्हणाली.

दहा मिनिटं लागली. घड्याळ लावून दहा. पत्त्याशेजारचे दोन शब्द गेले. काही वाजलं नाही, गाजलं नाही. इतकी वर्षं ज्याच्यावाचून काढली ते इतकं हलकं असेल असं मला वाटलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला.

त्या दुपारी हरीभाऊंनी मला पुन्हा उघडलं. नवा पासवर्ड घातला, तो मी सांगणार नाही. अनुया चहा ठेवून वळत होती.

“तुझ्या अण्णांना सांगतो मी, शनिवारी नका येऊ म्हणून,” ते माझ्याकडे बघत म्हणाले.

“मी सांगितलं. रविवारी या म्हटलं, मेळाव्याला. तुम्ही स्टेजवर बोलणार आहात ना.”

त्यांचं बोट शेऱ्याच्या रकान्यावर आलं. “हे... हे पुसतो मी.”

“असू द्या, बाबा. आता कुणी वाचणार नाही. तुम्ही आणि मीच.”

ती गेली. बोट तसंच राहिलं, मग सरकलं.

मेळावा झाला. पियूषचे आभार स्पीकरवाला आणि आचारी यांच्या मधे, एका श्वासात मानले गेले. अनुयाचे अण्णा पहिल्या रांगेत होते. गोदूआत्याने दिपालीचा फॉर्म स्वतः शेजारी बसून भरून घेतला. सूचनापत्रकातली पाचवी सूचना काळ्या पेनने खोडलेली होती, तीनशे प्रतींवर, एकाच बायकी हाताने. फोन करणारा कोण होता ते कळलं नाही. गेल्या वर्षीच्या त्या हॉलमध्ये चारशे खुर्च्या होत्या, आणि त्याने जे उचलून नेलं ते मला परत आणता येत नाही. त्या चोरीचं काय, हे कुणी मला विचारलं नाही, आणि सुनेला तर नाहीच.

हल्ली हरीभाऊ नोंदी चाळताना तिच्या फॉर्मपाशी आले की पटकन पुढे जातात. शेरा तिथेच आहे, शब्दन् शब्द.

तर या, भरा फॉर्म. वाटेत आता तुमचं लिहिलेलं कुणी वाचणार नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगते. पोचल्यावर तो शेवटचा रकाना कोण भरतो, तिथे माझं कुलूप चालत नाही.