दोन घटका

शेजारची तेजल मुंबईची नोकरी सोडून आली आणि तिने आमच्या खाडीत पर्यटकांसाठी होडी सुरू केली. पहिली फेरी देवरूखच्या कॉलेजातल्या मुलांची होती. ओहोटीला खाडीच्या मध्यावर वाळूचा पट्टा उघडा पडतो, तिथे उतरून शंख-शिंपले पाहायचे. त्यांच्याबरोबर आलेल्या मॅडमना पसंत पडलं तर आणखी तुकड्या येणार होत्या. नाहीतर भाऊ राकेशने तिच्या जुन्या ऑफिसात परत बोलणी करून ठेवलीच होती.

शिंपल्यांची नावं सांगायला तिने मला बरोबर घेतलं. मी वाचनालयात नोकरी केली, शिंपले पाहिले ते चित्रांत. पण नाही म्हणायला जमलं नाही.

पावणेदहाला आम्ही जागेवर पोचलो, तर पट्टा कुठेच नव्हता. मुलं हसू लागली. एकाने पोहायला उतरायचं का, म्हणून विचारलं. तेजलने मोबाइल दाखवला. समुद्राची ओहोटी साडेनऊला संपते, आणि तिच्या तुळसाकाकीने सांगितलं होतं, खाडीचं पाणी मागून उतरतं, त्याच्यापुढे दोन घटका थांब. आपण पंधरा मिनिटं उशिरानेच आलो की, ती म्हणाली.

काकीने जन्मभर याच पट्ट्यावर तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढल्या. हल्ली ती लेकाकडे मुंबईला असते. तेजलने तिला फोन लावला.

"दोन घटका म्हंजे दोन घटका गो," काकी म्हणाली. "तिसऱ्या काढताना घड्याळ कोण बघतंय?"

तेजलचा चेहरा उतरला. ती होडी वळवायला उठली. 'दोन घटका बसा' असं आपण पाहुण्याला म्हणतो तेव्हा मोजत कुठे असतो? तिनेही तसंच धरलं होतं. पण पंचांगातली घटका वेगळी. दिवसरात्र मिळून साठ घटका, म्हणजे एक घटका चोवीस मिनिटांची. काकीच्या मनात तीच असेल का? नसेल तर मुलीचं आणखी हसं माझ्यामुळे व्हायचं. मी दोनदा घसा साफ केला.

"तेजल, अठ्ठेचाळीस मिनिटं होतात. दहा अठराला... बहुतेक."

"बहुतेक?"

"हो."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग इंजिन बंद केलं आणि नांगर टाकला. मॅडमनी मुलांना डबे उघडायला सांगितले. मी चपलांकडे बघत बसलो. दहा वाजले, सव्वादहा झाले. पाणी तसंच. अठराही होऊन गेले.

तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "तो बगळा पाण्यावर कसा उभा आहे?"

बगळ्याच्या पायांखालून हळूहळू ओली वाळू वर आली. मुलं गुडघाभर पाण्यातून तिकडे धावली. मॅडमनी उतरता उतरता तेजलला विचारलं, शनिवारी दुसरी तुकडी आणली तर किती वाजता निघायचं?

तेजलने माझ्याकडे बोट केलं. "काका सांगतील."

"कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागेल," मी म्हणालो. "आणि चुकलं तर?"

"तर डबे मोठे आणायला सांगू," ती म्हणाली, आणि मला उतरायला हात दिला.