जिथे पंडित सर, तिथे मैदान

सातपुडा-तापी हेवीवेट चॅम्पियनशिपचा पट्टा ज्याने पाहिला नाही त्याला तो सांगून समजायचा नाही, तरी सांगतो. मधोमध पितळी थाळी. थाळी म्हणजे खरीच थाळी, इतवाऱ्यातल्या भांड्याच्या दुकानातून आणलेली, वरणभात खायची. तिच्यावर ठोकून काढलेला वाघ आहे. तो मांजरासारखा दिसतो असं चुकूनही बोलू नका, बुरहानपुरात त्यावरून भांडणं झालीत. थाळीच्या दोन्ही अंगांना बैलाच्या गळ्यातला चामडी पट्टा, आणि त्याचे घुंगरू काढायचे राहून गेले ते राहूनच गेले. म्हणून आमचा चॅम्पियन गल्लीतून चालला की म्हाताऱ्या दारात येतात, पोळा आला की काय म्हणून.

तर हा पट्टा जीवनकडे तीनशे नव्याण्णव दिवस होता. जीवनचं इतवाऱ्यात मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. रविवारी तो 'तापीचा वाघ' व्हायचा आणि कापसाच्या जिनिंग मिलमागच्या मैदानात प्रशांत मंडपवाल्याने उभारलेल्या रिंगणात कुस्ती खेळायचा. या कुस्त्या ठरवून असतात. कोण कधी पडणार हे प्रशांत शनिवारीच कागदावर लिहून देतो, आणि हे सगळ्या शहराला ठाऊक आहे, आणि तरीही बायाबापड्या ओरडून घसे बसवून घेतात. नाटकात राजा मरतो तेव्हा आपण पोलिसात जातो का? मग! उगाच शहाणपणा नको.

ठरवलेलं नसतं ते फक्त एकच. त्याला कारण धूलकोटचा सुकलाल. हा पूर्वीचा चॅम्पियन. एका शनिवारी कागदावर त्याच्या नावापुढे 'पडणे' असं आलं, तर पठ्ठ्या पट्टा घेऊन धूलकोटला निघून गेला तो येईचना. आज पोट दुखतंय, उद्या म्हैस व्यायलीय, परवा पाहुणे आलेत. प्रशांतचं डोकं फिरलं आणि त्याने लग्नपत्रिकेच्या पाठीवर नियम लिहून टाकला: जिथे पंडित सर, तिथे मैदान.

पंडित सर म्हणजे रेफरी. शाळेत पीटीचे मास्तर होते, आता निवृत्त. अडतीस वर्षांत एकाही पोराला अर्धा मार्क वाढवून दिला नाही. अशा माणसासमोर चॅम्पियनचे दोन्ही खांदे जमिनीला लागले, वर कोणाचा हात असला आणि सरांनी तीन मोजले, की पट्टा गेला. मग ते मैदान असो, न्हाव्याचं दुकान असो की कोणाचं तेरावं असो. सरांकडे एक रजिस्टर आहे. नाव, गाव, तारीख, दिवस, शेरा. सगळं निळ्या शाईत. फक्त ज्याचे दिवस सगळ्यांत जास्त, त्याची ओळ लाल शाईत.

नियम झाल्यावर सर लांबून दिसले की सुकलाल झाडावर चढायचा. असे चारशे दिवस काढले त्याने. शेवटी आंब्याची फांदी मोडली आणि तो सरांच्या पुढ्यातच उताणा पडला. हर्षल नावाच्या पोराने त्याच्या छातीवर नुसतं बोट ठेवलं, झाला चॅम्पियन! आनंदाने नाचायला लागला आणि अकराव्या मिनिटाला केळ्याच्या सालीवरून घसरला. केळ्याच्या जिल्ह्यात दुसरं काय होणार? तिथे जीवन कव्हरांचा खोका घेऊन उभा होता. त्याने खोका खाली ठेवला, हर्षलवर हात ठेवला, सरांनी तीन मोजले.

म्हणजे वाटेत उभा होता म्हणून चॅम्पियन झालेला माणूस. हे त्याला लोक सांगायचे, आणि न सांगणारे मनात म्हणायचे. जीवनला ते फार लागायचं. शाळेत सरांनी त्याच्या प्रगतिपुस्तकावर सात वर्षं 'साधारण' लिहिलं होतं. लाल शाई त्याच्या नशिबी आली ती नापासाच्या खालीच. चारशे एक दिवस झाले असते तर सुकलालची ओळ निळी झाली असती आणि जीवनची लाल. एवढंच पाहिजे होतं बिचाऱ्याला. त्याने दुसरं काही मागितलं असेल तर माझी जीभ झडो.

तर तीनशे अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी त्याचं लग्न लागलं. मुलगी तुकईथडची, निशा. जीवनने बंदोबस्त काय केला होता! एकाही पहिलवानाला पत्रिका नाही. सरांना आईने परस्पर बोलावलं, तर त्यांना मावा जिलबीच्या कढईशेजारी बसवून दिलं, आणि अंतरपाटाआडून वाघाची नजर सरांच्या जिलबीवर. लग्न सुखरूप पार पडलं.

दुसऱ्या दिवशी घरी सत्यनारायण. सर प्रसादाला आले. पूजा झाली, आणि बायकांनी नवरानवरीला पाटावर समोरासमोर बसवलं. सुपारी सोडवायची होती. नवरीच्या मुठीतली सुपारी नवऱ्याने एका हाताने सोडवायची, मग नवऱ्याच्या मुठीतली नवरीने दोन्ही हातांनी. आपल्याकडे हे चालतच आलंय. हसायचं, चिडवायचं, जेवायला बसायचं.

पण निशाचा हात रोज चार म्हशी पिळणारा. जीवनने तिची मूठ उघडायला जोर लावला, घाम आला, कानशिलं लाल झाली, करंगळीसुद्धा हलली नाही.

"काय भो वाघ, जिलबी जास्त झाली का?" मागून कोणीतरी बोललं आणि बाया खो खो हसल्या.

आता निशाची पाळी. जीवनने मूठ आवळली आणि मनात म्हणाला, जीव गेला तरी सोडणार नाही. तिने मनगट धरून एकदाच हिसका दिला. हळदीच्या पाण्याने ओला झालेला पाट सर्रकन सरकला आणि वाघ उताणा. ती तोल जाऊन त्याच्यावर, पण मूठ काही सोडली नाही. त्याची दोन बोटं तिने उघडलीसुद्धा होती.

सरांच्या तोंडात जिलबी होती. पण हाताला कुठे सांगावं लागतं? तो आपोआप फरशीवर पडला. एक. दोन. जीवनला कळलं, तो ओरडला, "अगं उठ! उठ आधी!" ती म्हणाली, "आधी सुपारी द्या." तीन.

सरांनी जिलबी गिळली आणि पिशवीतून रजिस्टर काढलं.

"सर, ये तो नाइन्साफी है!" जीवन पाटाशेजारीच बसून राहिला होता. "रसम होती ती! कुस्ती थोडीच होती? तिचा हेतूच नव्हता!"

"बेटा," सर टोपण काढत म्हणाले, "रजिस्टरात हेतूचा रकाना नाही."

कोकिळाबाई, म्हणजे जीवनची आई, कपाळाला हात लावून म्हणाली, "गुरुजी, अहो काल आलेली पोरगी आहे. तिला हे काय समजतं?"

"हे काय असतं?" निशाने विचारलं. मग तिला सगळं सांगितलं गेलं. सुकलाल, आंबा, केळ्याची साल, चारशे दिवस, लाल शाई. ती मन लावून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने खुंटीवरचा पट्टा उतरवला, पदराने थाळी पुसली आणि म्हणाली, "मांजर छान काढलंय."

जीवनला रडू आलं. खरंच आलं, आणि त्याने ते शिंक आल्यासारखं करून लपवलं. दोन दिवस! फक्त दोन दिवस राहिले होते हो.

रविवारी निशा साडीवर पट्टा बांधून मैदानात गेली. एवढी गर्दी प्रशांतने जन्मात पाहिली नव्हती. त्याने आनंदाने कागद लिहून आणला होता: वहिनी, तिसऱ्या मिनिटाला पडणे. निशाने तो वाचला आणि घडी करून त्याच्याच खिशात ठेवला. "मी का पडू? माझा काय पाय घसरला?" समोर रोहित पहिलवान दंड थोपटत आला होता. जवळ आल्यावर त्याच्या ध्यानात आलं की ही वहिनी आहे. वहिनीला हात कसा लावायचा? तो वाकला, पाया पडला आणि खाली उतरला. त्याच्या मागचा पण तसाच. पाच पहिलवान आले, पाचही आशीर्वाद घेऊन गेले.

आता कळलं ना घोटाळा? गावातले सगळे पहिलवान दीर. वयाने मोठे असतील ते जेठ, त्यांनी तर तिच्याकडे मान वर करून बघायचंसुद्धा नाही. दुनियेत एकच माणूस उरला जो तिचे खांदे टेकवू शकत होता, आणि तो तिच्या हातच्या पोळ्या खात होता.

"जीवनभाऊ, अब तो तूच काही कर यार," प्रशांत रोज दुकानात येऊन बसायचा.

जीवनने काय केलं नाही ते विचारा. सरांना दर गुरुवारी चहाला बोलवायला लागला. सर यायचे, रजिस्टर मांडीवर घेऊन ओसरीत बसायचे. मग जीवन लाडात यायचा, "अगं, दमलीस, पड जरा. पाठ चेपून देतो." निशा म्हणायची, "चेपा," आणि पालथी पडायची. पाठ चेपून चेपून त्याचे अंगठे दुखायला लागले. एकदा त्याने तिला गुदगुल्या केल्या, तर तिने त्याला अशा केल्या की तोच गडाबडा लोळला, आणि सर सवयीने मोजायला लागले तेव्हा निशाच म्हणाली, "सर, यांच्याकडे आता काही नाही, मोजून काय करता?" झोपताना ती कायम कुशीवर. पट्टा उशाशी. हात लावला की घुंगरू वाजायचे आणि डोळे मिटूनच ती विचारायची, "पोळा आला का?"

चिडला होता तो, फार चिडला होता. पण एक सांगू? दिवस मोजायची सवय त्याला जुनीच होती. तो तिचेही दिवस मोजायला लागला. शंभर झाले तेव्हा कपाळाला आठ्या. दोनशेला मावा जिलबी आणली, म्हणाला दुकानात बोहनी चांगली झाली. तीनशेला बोहनी झाली नव्हती तरी आणली.

तिचा तीनशे नव्याण्णवावा दिवस गुरुवारी आला. कुरडयांचे दिवस होते. गल्लीतल्या बायांनी पहाटेपासून चीक घाटला होता, आणि निशाएवढा सोऱ्या दाबणारा हात कोणाचा नव्हता, म्हणून सगळ्यांच्या कुरडया तिनेच पाडल्या. दुपारी ती गच्चीवरून खाली आली, ओसरीत गार फरशीवर टेकली आणि झोपली.

उताणी.

दोन्ही हात पसरलेले, दोन्ही खांदे फरशीला चिकटलेले. तोंड जरासं उघडं. पट्टा गच्चीवर, कुरडयांचं कापड वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर ठेवलेला. आणि समोरच्या खुर्चीत पंडित सर, गुरुवारचा चहा पीत.

जीवन दुकानातून जेवायला आला तो दारातच थांबला. सरांनी कप खाली ठेवला. हात गुडघ्यावरून फरशीवर आणला. तिथे तो तयार राहिला.

जीवन गुडघ्यांवर बसला. एक हात ठेवायचा होता. एक हात, तीन आकडे. पट्टा परत, मैदान परत, लोक 'वाघ वाघ' म्हणणार. आज तीनशे नव्याण्णव. याच आकड्याला तो पडला होता, पाटावरून, जगासमोर. कसं वाटतं ते त्याच्याएवढं सगळ्या निमाडात आणि खानदेशात कोणाला ठाऊक होतं? तिच्या बोटांना चीक वाळून पांढरा झाला होता. त्याला वाटलं, उठून ही सगळ्यांत आधी विचारेल, किती राहिले होते? आणि आपल्याला सांगावं लागेल, दोन.

"नाही जमणार बुवा," तो स्वतःशीच पुटपुटला. आत गेला, पलंगावरची उशी आणली आणि अलगद तिच्या उजव्या खांद्याखाली सरकवली. खांदा चार बोटं वर आला.

सरांनी वाकून फरशी आणि खांद्यामधली फट बघितली. मग हात उचलून परत कपाला लावला, चहा संपवला आणि निघून गेले.

"पातळ आहे," निशा डोळे न उघडता म्हणाली. "दुसरी पण आणा."

"जागी होतीस?"

"तुम्ही दारात थांबलात तेव्हापासून."

"मग कुशीवर का नाही वळलीस?"

तिने दुसऱ्या उशीसाठी डावा खांदा उचलून धरला. त्याने दुसरी उशी आणली आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिला. प्रशांत आला तर त्याला दारातूनच हाकललं. दुसऱ्या दिवशी दुकान बंद. तिसऱ्या दिवशीही बंद, कारण चारशे एकावा होता.

त्या संध्याकाळी सर रजिस्टर घेऊन आले. सोबत दोन पेन. सुकलालची ओळ त्यांनी निळ्याने गिरवून निळी केली, आणि मग लाल पेन काढून सावकाश लिहिलं: निशा जीवन, तुकईथड, हल्ली मुक्काम इतवारा, दिवस ४०१, चालू. अख्खी गल्ली ओसरीत जमली होती. कोकिळाबाईने सुनेची दृष्ट काढली.

सर मात्र लिहीतच होते. शेऱ्याचा रकाना आजवर कोरा असायचा, सरांना कौतुक करायची सवय नव्हती. जीवनने मान वाकडी करून वाचलं. लाल शाईतच होतं: 'उशी, जीवनची.'

त्याने दोनदा वाचलं. मग म्हणाला, "सर, दोन होत्या."

सरांनी चष्मा पुसला, निशाकडे बघितलं. तिने मान हलवली. तेव्हा कुठे त्यांनी पेन परत उघडलं आणि पुढे कंसात दोनचा आकडा घातला.