खंडेनवमीचा पाना

एकोणीसशे शहाण्णव साल. त्या वर्षी पिंपरी पेंढारच्या शिवारात झेंडू नुसता उतू चालला होता. ठकूबाईला मात्र ते साल आठवतं ते अंगणातल्या ट्रकमुळे.

भरत तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो रांगत होता आणि सासूबाई नुकत्याच गेल्या होत्या. तिच्याच हातचं खाऊन तो वाढला. पुढे भोसरीला गॅरेजात लागला, आणि त्या गौरी-गणपतीला घरी आला तो पिशवी ओट्यावर टाकून म्हणाला, "वयनी, मी आता जात नाय. हितंच ऱ्हातो. आपला ट्रक चालवतो."

ट्रक म्हणजे चिंचेखाली गंजत पडलेलं खटारं. ठकूबाईचा नवरा भगवंत तो भंगारात घालायला निघाला होता. भरतचं ऐकून तो म्हणाला, "दसऱ्यापर्यंत रस्त्यावर आण. आणलास तर ऱ्हा. नायतर तू भोसरीला आन् ट्रक भंगारात."

मग ठकूबाईही पदर खोचून कामाला लागली. मोडक्या बैलगाडीच्या फळ्या काढून भरतने ट्रकच्या बाजू उंच केल्या. तेलाचं पिंप कापून, ठोकून मडगार्ड केलं. चाकं तर त्याने एकेक करून उतरवली आणि टायर काढून लोखंडी डिस्क दगडांवर मांडल्या. तो तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, ती रॉकेलच्या बोळ्याने पुसायची आणि पॉलिश पेपरने घासायची.

"वयनी, कढई एवढी घासली असतीस तर दादा एक भाकरी जास्त जेवला असता."

"तुझा दादा कढईकडं बघून जेवत नाय. माझ्यावर खेकसत जेवतो."

भगवंत येता-जाता टोमणा मारायचा, "म्हातारीला नथ घातली म्हणून तिला कोण मागणी घालतंय व्हय?"

पण रुपेरी रंगाचा दुसरा हात बसला तसा तोही चाकांपाशी रेंगाळायला लागला. रंग उरला म्हणून भरतने तिसरा हात दिला. पुढून दिला, मागून दिला, नट बसतात त्या भोकांच्या कडांनाही दिला. गॅरेजात त्याचा हात इंजिनावर बसला होता, चाकांवर नाही. चाकं चढली तेव्हा शेजारपाजारचे बघायला आले.

खंडेनवमीला सकाळी ठकूबाईने पाटावर कोयते, खुरपी, पहार मांडली. भगवंतने चाकाचा पाना आणि जॅकही आणून ठेवला. हळद-कुंकू वाहिलं, नारळ फुटला. गाडीची पूजा दसऱ्याला व्हायची होती, पण झेंडू त्याच रात्री पुण्याच्या बाजारात पोचायला हवा होता. भरत शेजारच्या गेणभाऊच्या मळ्यातून माल भरून आला. खाली उतरून त्याने चाकाला हात लावला आणि त्याचा चेहराच बदलला.

"वयनी, पाना दे गं. रंग दबलाय, नट ढिले झालेत. परत आवळाया पायजेत."

ती पाटाकडे वळली. दारातून भगवंत म्हणाला, "पुजलेलं हाय ते. उद्यापर्यंत हलवायचं नाय."

"दादा, चाकाचं काम हाय."

"आन् हे देवाचं हाय. ह्या घरात नवमीला हत्यार कुणी उचललं नाय."

"अवो, पण गाडी तर चाललीच ना?" ठकूबाई म्हणाली.

"गाडी उद्या पुजायचीय."

भरत हसला. "बरं. गाडी कामावर, पाना रजेवर. मंचरला चिमाजीकडं आवळून घेऊ." भगवंत त्याच्याशेजारी चढून बसला आणि ट्रक निघाला.

पुढचं तिला भरतने दवाखान्याच्या पायरीवर बसून सांगितलं. मंचरला पंक्चरवाल्या चिमाजीचीही हत्यारं पाटावर होती. "चहा पाजतो, भरतराव," तो म्हणाला, "पाना नका मागू." भरत म्हणत होता, थांबू. भगवंत म्हणाला, फुलं माना टाकतील, तू गाडी हळू घे. अवसरीच्या घाटात पुढचं डावं चाक निखळून दरीत गेलं. ट्रक रस्त्याकडेच्या चारीत कलंडला. भगवंतचा पाय दारात चेचला गेला.

दवाखान्यात गावकरी आले. जो तो म्हणे, रंगरंगोटीच्या नादात भावाचा पाय घालवला. भरत खाली मान घालून उभा होता. ठकूबाईला राहवलं नाही. "त्यानं पाना मागितला व्हता," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "ह्यांनी दिला नाय."

गेणभाऊने थोडा विचार केला. "पण ठकूबाई, पुजलेला पाना कोण देईल? मी तरी दिला नसता."

सगळ्यांनी माना हलवल्या. एरवी तीही हेच म्हणाली असती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. भरतवरचा आळ पुसायला त्याचा एक शब्द पुरेसा होता. भगवंतने भिंतीकडे तोंड केलं.

भगवंत काठी घेऊन चालायला लागला, त्या आठवड्यात भरतने पिशवी भरली.

"तुझी चूक नव्हती रं."

"रंग मीच लावला व्हता, वयनी."

"आन् पाना?"

"त्यो देवाचा व्हता." त्याने तिच्या पायावर डोकं ठेवलं. "दादा रोज लंगडत पुढनं जाणार, आन् मी हितं बसून भाकरी खायची? घास उतरायचा नाय."

ती एसटीपर्यंत गेली नाही.

ट्रक भंगारात गेला. चिमाजीचं दुकान रस्ता रुंद करताना उठलं. तो मुलाकडे नाशिकला गेला. गेणभाऊने झेंडू मोडून द्राक्षं लावली आणि त्यात त्याचं बरं झालं. भरतने भोसरीत खोली घेतली, आरतीशी लग्न केलं, त्याला शौर्य झाला. लग्नकार्याला तो गावी यायचा आणि जेवून संध्याकाळच्या गाडीने परतायचा. भाऊ फोनवर बोलत, ते पावसाचं आणि बाजारभावाचं. दोन हजार आठला भगवंत गेला. 'भरत, तू ऱ्हा' हे त्याच्या तोंडून शेवटपर्यंत निघालं नाही.

ठकूबाई पिंपरी पेंढारलाच आहे. भरत बोलावतो म्हणून वर्षातून एकदा भोसरीला जाते. तिथे आरती तिला काही काम करू देत नाही, म्हणून लवकरच परत येते.