एस्तेरबाईंचा रांजण

मित्रांनो, विद्यापीठाच्या व्हरांड्यात ज्याच्या पोटात तुम्ही येता-जाता बोरांच्या बिया टाकता, तो मी एक जुना रांजण आहे. कचऱ्याचा डबा म्हणून काही मी जन्मलो नव्हतो, एवढं आधीच सांगतो.

कन्हानकाठच्या मातीचा माझा पिंड. कुंभाराने थापटून थापटून मला घडवलं, भाजलं आणि बैलगाडीत भाताच्या तणसावर बसवून नागपुरात पाठवलं. विद्यार्थी कल्याण विभागाच्या दाराशी माझी जागा ठरली. तिथे एस्तेरबाई उजगरे काम करत. कुणाला वसतिगृहात जागा मिळवून दे, कुणाला दवाखान्यात ने, कुणाला नुसता धीर दे, असं त्यांचं काम. बाई ख्रिस्ती होत्या, पण ऑफिसात त्यांनी धर्माची गोष्ट कधी काढली नाही. ऑफिसात शिपाई होता, तरी त्या मला रोज स्वतः घासत आणि भरत. भरताना त्यांचे ओठ हलत. त्या काय म्हणतात, ते फक्त मला ऐकू येई.

राईचा पर्वत व्हायला वेळ लागत नाही. बाई पाण्यावर मंत्र म्हणतात आणि पोरं बाटवतात, अशी आवई उठली. ती पार काटोलकडच्या एका खेड्यात पोचली.

१९७४ साली गुड फ्रायडेला ऑफिस बंद होतं. पण जया नावाची विद्यार्थिनी सकाळीच रडत बाईंच्या घरी गेली. तिचे वडील रुपराव ती आवई ऐकून त्या खेड्यातून तिला परीक्षा सोडून कायमचं घरी न्यायला आले होते. बाईंचा त्या दिवशी उपास होता, आणि चर्चमधल्या दुपारच्या उपासनेत क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या तहानेचं वाचन त्यांच्याकडे होतं. तरी त्यांनी येऊन ऑफिस उघडलं.

रुपराव उन्हातून आलेले. घशाला कोरड पडलेली. बाईंनी पेला पुढे केला.

"तुमच्या हातचं मी पेत नाही," ते म्हणाले. "पोरीले घेऊन चाललो मी. सांगा, पाणी भरताना तुमचे ओठ काहून हालतात?"

"देवाजवळ पोरांची नावं घेते, भाऊ. ज्याचा पेपर आहे त्याचं, जो आजारी आहे त्याचं. काल जयाचं घेतलं."

"खोटं!"

मी साक्षीला होतो, पण मला तोंड असून वाचा नव्हती. फार वाईट वाटलं.

बाईंनी वाद घातला नाही. उपासनेची वेळ टळून गेली. त्यांनी माझ्यातलं सगळं पाणी निंबाच्या आळ्यात ओतलं आणि विहिरीवरची बादली आणून रुपरावांच्या हाती दिली.

"तुम्हीच भरा, तुमच्याच हातचं प्या. पण सोमवारी पोरीचा पेपर आहे. तहानेल्या जिवानं काही ठरवू नका."

पहिली बादली त्यांनी रागाने माझ्यात आदळली. पुढच्या खेपांना हात सावकाश झाला. जया भिंतीशी उभी होती. तिच्याकडे बघता बघता रुपरावांचे ओठ हलले. मी स्पष्ट ऐकलं: "माह्या जयाले पास कर गा देवा."

ते एकदम थांबले. त्यांनी आपल्याच ओठांना हात लावून पाहिला. मग बाईंकडे न बघता ओंजळीने पोटभर प्यायले.

"पेपर झाले का येतो तुले न्यायले," ते जयाला म्हणाले. बाईंना त्यांनी नुसते हात जोडले.

नंतर नागपूरला आले की रुपराव आधी मला भरत, मग लेकीला भेटत. पुढे बाई निवृत्त झाल्या, गार पाण्याचं यंत्र आलं आणि मी कोपऱ्यात गेलो.

मित्रांनो, मला एकदा घासून भरा. माझी छिद्रं बुजली आहेत, पाणी पूर्वीसारखं गार होणार नाही, पण तहान भागेल. आणि भरताना कुणाचं तरी नाव घ्या. कोणत्या देवाजवळ, ते मी कधीच कुणाला विचारलं नाही.