भिंत नसलेली कोनशिला

मित्रांनो, मी एक जुनी कोनशिला आहे. इमारत बांधायला घेतली की मोठ्या माणसाच्या हस्ते नाव-तारीख कोरलेला पहिला दगड बसवतात ना, तीच मी. माझी इमारत कुठे आहे, असं विचाराल तर सांगते : नाही. इमारत नाही, भिंत नाही, साधा पायासुद्धा खणलेला नाही. वस्तीच्या टोकाला एका मोकळ्या मैदानात मी एकटीच उभी आहे आणि सध्या भयंकर चिडलेली आहे. दगडाला कसला आलाय राग, असं ज्यांना वाटतं त्यांनी भर दुपारी माझ्यावर येऊन बसून दाखवावं.

मी खाणीतून निघाले तेव्हा नुसता ओबडधोबड धोंडा होते. एका म्हाताऱ्या पाथरवटाने मला घडवलं. तोंडाचा फटकळ, पण हात असा की छिन्नीचा घाव बसला तरी दुखायचं नाही. मला घासूनपुसून गुळगुळीत केल्यावर त्याने माझ्यावर अक्षरं कोरली : या वस्तीच्या सूतिकागृहाची कोनशिला महापौरांच्या शुभहस्ते बसवण्यात आली. खाली नाव, त्याच्या खाली तारीख. शेवटचं अक्षर झाल्यावर तो म्हणाला, "ऐट आहे बाई तुझी. तुझ्या भिंतीआड पोरं जन्माला येतील." मला काय ठाऊक, तो भाबडा होता आणि मी त्याच्याहून भाबडी!

महापौरबाई तेव्हा पहिल्यांदाच निवडून आल्या होत्या. या शहराची एक रीत आहे. पडदा सरकवला की महापौरांनी कोनशिला वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचायची, म्हणजे वाचता न येणाऱ्यांनाही कळतं, आणि तारीख वाचून झाली की लोकांनी टाळ्या वाजवायच्या. बाईंचा आवाज खणखणीत. त्यांनी मला वाचलं आणि मैदान टाळ्यांनी दणाणून गेलं. दगडाच्या अंगावर मूठभर मांस चढलं म्हणा ना.

नव्याचे नऊ दिवस. कुंपणाला तार आली, काही दिवसांनी तारही कुणीतरी पळवली. माझ्या तोंडावर शिकवण्यांच्या आणि गळक्या नळांच्या जाहिराती चिकटल्या. तुमच्याएवढी मुलं मला यष्टी करून चेंडूफळी खेळायची, त्याचं मला काही वाटलं नाही. निदान त्यांच्या तरी उपयोगी पडत होते.

माझ्या शेजारीच इस्त्रीवाल्या मावशीने आपलं टेबल मांडलं. पत्र्याचं छप्पर, जाडजूड इस्त्री आणि कपड्यांचे ढीग. मावशी कष्टाळू आणि जिभेने तिखट. तिच्या हाताखाली तिची सून घड्या घालायची. त्या सुनेला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगायची की, आमचं बाळंतपण इथेच होणार, चार पावलांवर. लोक हसायचे आणि ती ठसक्यात इस्त्री फिरवायची.

कुठलं काय! वेळ आली तेव्हा मैदानात वीतभर गवत तेवढं उगवलं होतं. मोठं रुग्णालय शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मध्ये रेल्वेचं फाटक, ते बंद. मालगाडी संपता संपेना. सून वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगी होती.

मावशी कामावर परतली त्या सकाळी तिने आधी इस्त्री तापवली नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "एवढं नाव कोरून घेतलंस मेले, आणि कामाला आली नाहीस."

मित्रांनो, पाथरवटाचे सगळे घाव एकीकडे आणि हे बोलणं एकीकडे. माझा काय दोष होता? मला कुणी उचलून भिंतीत बसवलं असतं तर मी नाही म्हणाले असते का?

मग निवडणूक आली. वस्ती खवळलेली होती. यंदा बाईंना घरी बसवायचं, असं जो तो बोलत होता. पण मत द्यायच्या दिवशी माझ्यासमोरून जाताना तेच लोक एकमेकांना म्हणाले, जाऊ दे रे, दगडापेक्षा वीट मऊ. माझ्यादेखत म्हणाले! यांचं काही अडलं की दगड वाईट. महापौरबाई पुन्हा निवडून आल्या, मागच्यापेक्षा जास्त मतांनी.

नवं सभागृह भरलं आणि पहिल्याच आठवड्यात सूतिकागृहाची कोनशिला बसवायचं ठरलं. हो, पुन्हा. नवी मुदत, नवा समारंभ. पालिकेचा मुकादम चार माणसं घेऊन आला. त्यांनी माझ्या जाहिराती खरवडल्या, मला घासून धुतलं. मला वाटलं, उजाडलं एकदाचं! पण कुदळ-फावडं कुठेच दिसेना. नवीन शिळा मागवायला वेळ नव्हता. मुकादम माझ्याभोवती फिरला आणि खूश होऊन म्हणाला की, दगड आहेच की, पाठ कोरी आहे. झालं! माझ्या पाठीवर तोच मजकूर कोरला, तेच नाव. तारीख तेवढी नवीन.

समारंभाचा साटिनचा पडदा चुरगळला होता म्हणून तो मावशीकडेच इस्त्रीला आला. सून शेजारी बसली होती. तिला पुन्हा दिवस गेले होते आणि आता ते भरत आले होते. तिने हळूच विचारलं, "आई, या वेळी तरी होईल का हो?" मावशीने पडद्यावर पाणी शिंपडलं आणि त्याच्या सुरकुत्या काढत राहिली.

समारंभाच्या सकाळी माणसांनी मला चौथऱ्यावर ठेवलं. पुढूनमागून मी सारखीच. मुकादमाने वाकून पाहिलं, बाईंचं नाव दिसलं, मान डोलावली आणि पडदा टाकला. तारीख बघायचं त्याच्या डोक्यात आलं नाही. माणसं मठ्ठ माणसाला दगड म्हणतात. मी त्या दिवसापासून तो मान मुकादमाला दिला आहे.

महापौरबाई आल्या. पुढच्या मुदतीत काय काय करणार ते त्यांनी रंगवून सांगितलं : रुंद रस्ते, नव्या बागा, दारोदारी पाणी. "मागची मुदत पाया घालण्यात गेली," त्या म्हणाल्या, "आता कळस चढवायचा." कसला पाया? कुठे घातला? ऐकून मला तडा जायचा बाकी राहिला होता.

त्यांनी दोरी ओढली आणि रीतीप्रमाणे वाचायला लागल्या. वस्ती, सूतिकागृह, स्वतःचं नाव, सगळं खणखणीत. मग तारीख. दिवस आणि महिना ओघात वाचला, वर्षावर येऊन आवाज अडकला. जुनं वर्ष होतं. आधी कुणाला काही कळेना. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि बघता बघता सगळं मैदान हसायला लागलं. बाईही हसल्या. त्या मुरलेल्या होत्या. दगड जरा फिरवा, असं त्यांनी मुकादमाला सांगितलं. चौघांनी मला फिरवलं, बाईंनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी तारखेसकट.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आधीच्यापेक्षा जोरात! माझा राग बाईंवर आहे, मुकादमावर आहे, पण सगळ्यात जास्त त्या टाळ्यांवर आहे.

मावशीने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती गर्दीतून पुढे आली.

"बाई," ती म्हणाली, "दगड फिरवलात, तशी मागची वर्षं फिरवता येतात का? तुमची पहिली तारीख खरी झाली असती तर माझी नात आज या मैदानात धावली असती."

बाईंचं हसू मावळलं. "मावशी, या खेपेला शब्द देते."

"शब्द कोरलेत की. दोन्हीकडून. कुदळ पाठवा."

मग ती वस्तीकडे वळली आणि तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात." कुणी मान वर केली नाही. बाई गाडीत बसल्या, मुकादमाने खुर्च्या गोळा केल्या. पडदाही नेला. कुदळ अजून आलेली नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, असं सांगायची पद्धत आहे. मी ते सांगणार नाही. मला धुऊ नका, रंगवू नका, माझ्यावर फुलं वाहू नका. मोठे व्हाल तेव्हा एवढंच करा. कुणी पडदा सरकवला की टाळी वाजवायच्या आधी दगडाच्या मागे जाऊन बघा. भिंत असेल तर खुशाल वाजवा. नसेल तर घरी जाऊ नका, तिथेच बसा आणि भिंत कुठे आहे ते विचारत राहा, विचारून विचारून त्यांना भंडावून सोडा. तुम्ही गप्प बसलात तर त्यात तुमचाही हात आहे.

मावशीची सून आता मला पाठ टेकून बसली आहे. तिला धाप लागते, मधूनच ती पोटावर हात ठेवते. तिचं बाळ हललेलं मला कळतं. तिच्या पाठीमागे आज भिंत असायला हवी होती, आणि आहे ती एकटी मी.