आधी तू ठेव

"नमस्कार बाई. डास मोजणी खात्यातून बोलतोय. आपल्या घरात एकूण डास किती?"

"थांबा हं, बघते," आई म्हणाली. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. "एक पडद्यावर बसलाय. दुसरा उडतोय, त्याला धरायचं की सोडायचं?"

"नर की मादी, तेही लिहून घ्यायचंय."

"कानाशी गुणगुण लावलीय आणि हाकलला तरी जात नाही, म्हणजे माझा मुलगाच असणार."

दुकानात उभं असलेलं गिऱ्हाईक खो खो हसलं. मी दुरुस्तीला आलेला मिक्सर उघडून बसलो होतो, फोन खांद्यात दाबून. "आई, इतका पिळतोय तुला, आता तरी आपट की फोन!"

"तू ठेव."

"आधी तू ठेवायचा. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय?"

"हात जात नाही रे."

शेवटी मीच ठेवला. रोज मीच ठेवायचो.

आईनं उभी हयात अग्निशमन दलाच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेण्यात घालवली. तरुणपणी तिला एका गोदामातून फोन आला होता. आग लागलेली, दाराला बाहेरून कुलूप, रखवालदार आत अडकलेला. आईनं पत्ता घेतला, गाडी सोडली, त्याला म्हणाली, "घाबरू नका, गाडी निघालीय." आणि फोन ठेवला. नियमच होता तसा. दुसरा कुणी जळत असेल तर त्याला लाईन मोकळी मिळाली पाहिजे. गाडी पोचेपर्यंत उशीर झाला.

हे आम्हाला कळलं कधी? ती रिटायर झाली, बाबा गेले, घर शांत झालं, त्यानंतर. झोपेत ओरडायला लागली, "पत्ता सांगा, पत्ता!" आणि फोन आधी ठेवणं तिला जमेनासंच झालं. एकदा कर्ज विकणारं एक पोरगं तिच्या तावडीत सापडलं. शेवटी तेच काकुळतीला आलं, "आजी, मला जेवायला सोडा हो." बायको हे सांगताना हसून हसून लोळली. मग म्हणाली, "त्यानं ठेवला तरी आई रिसीव्हर कानाला लावून बसल्या होत्या. संध्याकाळ झाली. काढून घ्यायला गेले, तर बोटं सुटेनात."

मग मनाच्या डॉक्टरीणबाई शोधल्या. वयानं माझ्या पुतणीएवढी, पण पक्की. "नोकरीत होत्या तोवर पुढचा फोन मागच्याला झाकत होता," ती म्हणाली. "आता झाकायला काही उरलं नाही. पण या वयातही माणसं बरी होतात, मी पाहिलीत." तिनं आईकडून तो प्रसंग पुन्हा पुन्हा वदवून घेतला. वर घरचा अभ्यास दिला. रोज दुपारी कुणीतरी फोन करायचा, वाट्टेल ते बरळायचं, आणि आईनं वैतागून आधी ठेवायचा.

"घरात फालतू बोलणारं कुणी आहे का?"

सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं.

मी काय काय नाही केलं! गाढवांच्या शाळेचा मुख्याध्यापक झालो, चुकून जिवंत राहिलेल्यांची नोंद घेणारा साहेब झालो, बेसूर गाणी म्हटली. आई हसायची, उलट टोले द्यायची, पण ठेवायची नाही. रात्रीचं ओरडणं उलट वाढलं. शेवटी डॉक्टरीणबाई नजर चुकवत म्हणाली, "थांबवू या. यांना त्रासच होतोय. गोळ्यांवर ठेवू." त्या गोळ्या आधी एकदा दिल्या होत्या, तेव्हा गुंगीत आई न्हाणीघरात पडली होती.

दवाखान्याचा जिना उतरताना आई म्हणाली, "एकदा माझ्या हातानं ठेवता आला असता ना, तर झोप लागली असती रे मला."

तिथंच माझं डोकं चाललं. जन्मभर लोकांना टोप्या घातल्या, आता एक आईला घालू, तीही तिच्याच भल्यासाठी. दुसऱ्या दिवशी दुपारी फोनवर रुमाल धरला, आवाज म्हातारा केला.

"बाई, तुम्ही आगीच्या फोनवर होता ना? मी गोदामातला रखवालदार."

मी घसा खाकरून आवाज आणखी म्हातारा केला.

"वाचलो होतो बाई मी. मागच्या खिडकीतून निघालो. तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं. तुम्ही निवांत ठेवा फोन."

आई बोलली, पण तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. सरळ, कोरडा, कामावरचा.

"आत किती जण आहात?"

"मी एकटाच."

"तुम्ही फोनवर बोलत होता. मग दार कोण बडवत होतं?"

"वारा असेल, बाई."

"दोघं होता तुम्ही. मला ऐकू आलं होतं. आणि मी गाडीवाल्यांना एकच माणूस सांगितला. एकाला बाहेर काढून ते थांबले. दुसरा आतच राहिला."

मी रुमाल बाजूला केला. "आई... मी आहे गं."

"माहितीय. पहिल्या शब्दालाच ओळखलं."

"मग?"

"मग काय. वाटलं, कुणाला तरी सांगून टाकावं." लगेच म्हणाली, "डॉक्टरांना सांगू नकोस हं."

"अगं, हेच तर सांगायला हवं त्यांना."

"नको. ती पोरगी फार चांगलं वागते माझ्याशी."

मिक्सरचं भांडं मी उगाच इकडचं तिकडं केलं.

"जेवलास का?" आता परत आईचा आवाज.

"जेवलो." डबा तसाच होता.

"मग ठेव. गिऱ्हाईकं खोळंबली असतील."

"आधी तू."

रिसीव्हर कानापासून लांब गेल्याचा आवाज आला. बाहेर एक मोटार मागे घेत होते, तिचंच टुंटुं ऐकू येत राहिलं. मग परत आईचा श्वास, अगदी जवळून.

"नाही होत रे."

रोज अशा वेळी मी काहीतरी टवाळी करून ठेवून द्यायचो. त्या दिवशी माझाही हात गेला नाही. फोन काउंटरवर, मिक्सरच्या सुट्या भागांच्या मधे, उभा करून ठेवला.

एक बाई इस्त्री घेऊन आल्या. "अहो, ही तापतच नाही."

मी ओठांवर बोट ठेवलं.

त्यांनी फोनकडे बघितलं. "आहे का कुणी?"

"आई आहे."

"मग बोला की. मी थांबते."

"बोलून झालंय," मी म्हणालो आणि त्यांच्या इस्त्रीचे स्क्रू सोडवायला घेतले, हळूच, खडखड होऊ न देता.